दाढीनंतरचे पाणी

सोमवार, ता. ४ नोव्हेंबर १९३५
वारसिया, बडोदे

आज पाणी जमले. मागच्या दोन खेपा फुकट गेल्या. पहिल्या खेपेला तुरटी जास्त पडली, दुसऱ्या खेपेला कोरफडीचा गर नीट गाळला गेला नाही आणि बाटलीला वास सुटला. या वेळी वाळा आणि कडुलिंबाचा पाला एकत्र उकळला आणि पूर्ण निवू दिला. मग चिमूटभर तुरटी, सहाणेवर उगाळलेले चंदन आणि मांडवीवरच्या मगनकाकांच्या दुकानातले गुलाबपाणी. कोरफड सगळ्यांत शेवटी, फडक्यातून दोनदा पिळून. प्रमाण विसरू नये म्हणून ही वही लिहायला घेतली. वही जयवंतदादाने दिली. दादा माझा थोरला भाऊ, दांडिया बाजारात कर्णिक डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. रिकाम्या बाटल्याही त्याच्याच.

हा खटाटोप ह्यांच्यासाठी. उन्हाळ्यापासून ह्यांनी न्हाव्यापुढे बसणे सोडले आणि स्वतःच वस्तरा फिरवू लागले. महाराजांच्या घोडदळाच्या रिसाल्यातले दफेदार, गाल रोज गुळगुळीत हवेत, आणि हाताला तर सवय नाही. गालभर पुटकुळ्या, हनुवटीखाली कापल्याच्या रेघा. उजव्या कानाखाली एक फिकट डागही आला आहे, रुपयाएवढा. शिबे असावे. रापलेल्या चेहऱ्यावर ते उठून दिसते.

सकाळी दाढी झाल्यावर कापसाने पाणी लावून दिले. विचारले, "झोंबतं का?"

"नाही. गार वाटतं," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "रोज करशील का?"

लग्नाला आठ वर्षे होतील, पण ह्यांनी माझ्याकडे आपणहून काही मागितल्याचे आठवत नाही.

शनिवार, ता. ९ नोव्हेंबर

पुटकुळ्या बसल्या. शेजारच्या जिजावहिनींनी ओळखले. "संपतरावांचा चेहरा कसा नितळ झाला हो, काय लावता?" म्हणून विचारायला आल्या. त्यांचे यजमान सुभानराव ह्यांच्याच तुकडीत स्वार आहेत. एक बाटली भरून दिली.

जानेवारीत महाराजांचा हीरक महोत्सव. साठ वर्षांचे राज्य. रिसाल्याच्या घरांच्या सगळ्या लाइनीत दुसरे बोलणे नाही. घोड्यांचे सामान घासताहेत, पटके रंगवताहेत. ह्यांची निवड मिरवणुकीतल्या पहिल्या रांगेत झाली. मी साखर वाटली. ह्यांनी लेकीला, इंदूला, कडेवर घेऊन नाचावे असे मला वाटले होते. ते बूट पुसत बसून राहिले.

मंगळवार, ता. १२ नोव्हेंबर

सुभानराव दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, पाणी दिलंत का विंचू दिलात?" आग झाली म्हणे. मला राग आला. "तुमचे दफेदार तर गार वाटतं म्हणतात," असे सांगितले. ते हसून म्हणाले, "दफेदारांची कातडी घोड्याची असेल."

ते गेल्यावर मनगटावर विळीचे ओरखाडे होते तिथे लावून पाहिले. झोंबले, चांगलेच झोंबले. मग ह्यांना कसे झोंबत नाही? आज लावताना नीट लक्ष दिले. डाव्या गालाला कापूस टेकला तेव्हा डोळा बारीक झाला. उजव्या बाजूला काही नाही. कवायतीच्या मैदानावर ऊन उजवीकडूनच येत असणार, म्हणून ती बाजू राठ झाली.

तुरटी आणखी कमी केली. नवी बाटली जिजावहिनींना पोहोचवली.

बुधवार, ता. २० नोव्हेंबर

चार दिवस हात रिकामा नाही. जिजावहिनींनी सगळीकडे सांगितले, आता बायका घरून बाटली घेऊनच येतात. पलीकडच्या सोसायटीतल्या हंसाबेन सुद्धा आल्या. "कुसुमबेन, मारा घरवाळाने पण जोईए छे," म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या यजमानांनाही हवे. आणि आज रिसालदारांच्या घरून निरोप आला की महोत्सवासाठी तिकडे हे पाणी पाठवावे. मी सहावी इयत्ता शिकलेली बाई, चुलीपाशी उभी राहून पाला उकळते, आणि मोठ्या घरातली माणसे ते तोंडाला लावणार. हे लिहितानाही हसू येते आहे.

संध्याकाळी ह्यांनी विचारले, "यात थोडा गेरू घालता येईल का? आणि चंदन जास्त. माझ्या बाटलीत फक्त."

"कशाला?"

"रंग चेहऱ्यासारखा यायला हवा. लावल्यावर एकसारखा दिसेल असा."

मी म्हटले, नवरदेवाला हळद लावायची राहिली होती की काय. ते हसले नाहीत. गेरू वस्त्रगाळ करून घातला. आता डाग दिसतच नाही. पहिल्या रांगेत बसायचे म्हटल्यावर पुरुषांनाही आरसा लागतो, हे कळले.

गुरुवार, ता. २८ नोव्हेंबर

मनात बरेच साचले आहे.

दिवाळीपासून हे बाहेरच्या पडवीत निजतात. आत उकडते म्हणतात. आता थंडी पडली तरी तिथेच. आपले ताट आणि तांब्या वेगळा ठेवला आहे आणि तो स्वतःच घासतात. रिसाल्यातला दफेदार हौदावर बसून ताट घासतो, बायका पाहतात. मला मेल्याहून मेल्यासारखे होते. आज इंदू धावत जाऊन गळ्यात पडायला गेली तर दोन्ही हातांनी तिला लांब धरले आणि खाली उतरवले. पोर हमसून रडली. पाच वर्षांच्या मुलीचा कसला राग?

मी विचारले, "माझं हे बाटल्यांचं काम आवडत नाही का? तसं असेल तर उद्या बंद करते."

"बंद करू नकोस," म्हणाले. "वाढव. दादाला सांग, चांगल्या बाटल्या मिळवून देईल. तुझ्या हाताला काही तरी असलेलं बरं."

"माझ्या हाताला कशाला? तुमचा हात आहे ना?"

त्यावर उठून तबेल्याकडे गेले.

दुसरी कोणी बाई असेल का, असे एकदा मनात आले. लिहून ठेवते, म्हणजे ते मनातून जाईल.

गुरुवार, ता. ५ डिसेंबर

रिसालदारांकडची खेप चुलीवर होती. पातेले उतरवायला फडके शोधत होते तोवर ह्यांनी पुढे होऊन नुसत्या हातांनी पातेले उचलले आणि पाटावर ठेवले. सावकाश ठेवले, थेंब सांडला नाही. मी ओरडले तर म्हणाले, "काय झालं?" उजव्या हाताच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला टरटरून फोड आले होते. डावा हात मात्र लगेच झटकून पाण्यात घातला.

कोरफड लावून पट्टी बांधली. सोशिकपणाला काही मर्यादा असावी, असे मी म्हटले. ह्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मला वाटले की आता काही बोलतील. "पट्टी पातळ बांध," एवढेच म्हणाले, "मूठ वळली पाहिजे."

बुधवार, ता. ११ डिसेंबर

पडवीत एकटेच तलवारीची सलामी करत होते. तलवार उचलायची, मूठ छातीशी, मग नाकासमोर, मग बाजूला खाली. मी दाराआडून पाहिले. तलवार एकदा निसटली. पुन्हा उचलली. पुन्हा निसटली. मग मुठीला फडके गुंडाळून ते मनगटाशी बांधले आणि पुन्हा सुरू केले. भाजलेली बोटे अजून दुखत असणार.

सोमवार, ता. १६ डिसेंबर

दादाकडे बाटल्या आणायला गेले होते. दवाखान्यात गर्दी नव्हती. पाण्याची कीर्ती सांगत बसले. सांगता सांगता मी म्हणाले, "सगळ्यांना थोडं झोंबतं, फक्त ह्यांना उजव्या बाजूला मुळीच नाही, वस्तऱ्याने रक्त काढलं तरी नाही." पातेल्याचीही गोष्ट सांगितली.

दादा बाटल्या पुसत होता तो थांबला. "कुठली बोटं म्हणालीस?"

मी दाखवली.

"गालावर काही आहे का? डाग वगैरे?"

"शिबं आहे लहानसं. का?"

त्याने बाटल्या टोपलीत भरून दिल्या. मग म्हणाला, "उद्या संपतरावांना इथे पाठव. डॉक्टरांना हात दाखवू दे. भाजलंय ना, म्हणून."

घरी येऊन सांगितले. ह्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "दादाला काय सांगितलंस तू? माझ्या चेहऱ्याबद्दल काय सांगितलंस?" इंदू घाबरून माझ्यामागे लपली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "महोत्सव होईपर्यंत मी कुठल्या डॉक्टरकडे जाणार नाही. आणि दादानेही तोवर इथे येऊ नये."

भाजलेला हात डॉक्टरला दाखवण्यात एवढे काय आहे?

रविवार, ता. २२ डिसेंबर

दादा घरी आला नाही. मी मांडवीवर वाळा घ्यायला गेले तिथे मगनकाकांच्या दुकानापाशी वाट पाहत उभा होता. मगनकाका म्हणाले, "आवो बेन, तमारा भाई क्यारना ऊभा छे." दादा मला बाजूला घेऊन गेला. रोगाचे नाव त्याने घेतले नाही. "डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय मी घेणार नाही," म्हणाला. "तू एवढंच कर. पाणी लावताना त्यांना डोळे मिटायला सांग, आणि कापसाची वात उजव्या गालाला अगदी हलके टेकव. कळलं का विचार."

"आणि नाही कळलं तर?"

"तर मला सांग."

त्याने नाव घेतले नाही, पण त्याचे डोळे मला दिसत होते. घरी येईपर्यंत ते नाव मीच मनात घेतले. इथे लिहवत नाही.

सोमवार, ता. २३ डिसेंबर

सकाळी दाढी झाली. नेहमीसारखे पाटावर बसले. मी म्हटले, "डोळे मिटा, आज पाणी जरा कडक आहे."

मिटले. मी वात घेऊन डागाच्या मधोमध टेकवली. हलवली. कानापर्यंत नेली आणि परत आणली. बाहेर कोणी तरी घोडा धूत होते, त्याचा आवाज येत होता.

ते म्हणाले, "लाव ना. कसली वाट पाहतेस?"

ह्यांनी डोळे उघडले. माझा हात त्यांच्या गालाशी होता आणि हातात कोरडी वात होती.

"कधीपासून?" मी विचारले.

"उन्हाळ्यात न्हावी म्हणाला, दफेदार, कापलं तरी तुम्ही हलला कसे नाहीत. तेव्हापासून माहीत आहे. मामांना होता. मी लहान असताना पाहिलाय."

"आणि मला सांगितलं नाही."

"तू इंदूची आई आहेस. मी लांब राहिलो, एवढं केलं."

पडवी, ताट, तांब्या. मी काय काय मनात आणले होते.

मी म्हटले, आत्ता उठा आणि डॉक्टरांकडे चला. ते नाही म्हणाले. डॉक्टरांनी पाहिले की रिसाल्यात कळणार, आणि कळले की घोड्याला हात लावू देणार नाहीत. "आजोबा या रिसाल्यात होते, वडील होते. एकदा पहिल्या रांगेत बसू दे. मग तू म्हणशील तिथे येईन." शब्द दिला.

मी पाणी लावले. गेरू आज माझ्याच हाताने जास्त लावला आणि कडा पुसून घेतल्या. बरोबर केले की नाही, कळत नाही. इंदूला दिवसभर उजेडात उभी करून तिचे हात, पाठ, पाय पाहिले. माझेही पाहिले. प्रत्येक तीळ डाग वाटतो.

शुक्रवार, ता. २७ डिसेंबर

बाटल्या मागायला बायका येतच आहेत. आज दोघींना संपल्या म्हणून परत पाठवले. खरे तर फडताळात भरलेल्या होत्या. त्या ह्याच घरात, ह्याच चुलीवर केल्या होत्या. पण रिसालदारांकडे आधीच गेल्या, त्यांचे काय करू? परत मागायच्या तर कारण सांगावे लागेल. रात्रंदिवस हाच विचार.

ह्यांची मात्र आवराआवर चालू आहे. जुने बूट सुभानरावांना दिले. इंदूच्या पैंजणांचा तुटलेला दुवा सोनाराकडून सांधून आणला. हंसाबेनच्या घरी कधी जात नाहीत, आज जाऊन त्यांच्या सासऱ्यांशी नर्मदेकाठच्या चांदोदच्या गाडीबद्दल बोलत बसले होते. हंसाबेनचे माहेर की काय तिकडे आहे. मन शांत झालेले दिसते. बोलून टाकल्याने हलके वाटत असेल. "महोत्सवाच्या दिवशी इंदूला दादाकडे ठेव, गर्दीत नको. चार दिवस राहू दे," असेही म्हणाले. दादावरचा रागही गेला म्हणायचा.

शुक्रवार, ता. ३ जानेवारी १९३६

रावपुऱ्याच्या रस्त्यावर पहाटेपासून माणसे. गच्च्यांवर, झाडांवर, दुकानांच्या फळ्यांवर. कमानी, तोरणे, बँड. मी जिजावहिनींबरोबर एका ओट्यावर उभी होते.

सकाळी चेहरा मीच तयार केला. दोनदा पाणी, वर गेरूचंदनाचा हात, कानामागे सुद्धा. मुठीचे फडके ह्यांनी बाहीच्या आत दडवले आणि दाताने गाठ ओढली, कारण दोऱ्यासारखी बारीक गोष्ट त्या बोटांत राहत नाही. बांधताना ते म्हणाले, "सुटली तर सगळ्यांसमोर सुटेल." मी पुन्हा एक गाठ मारली.

रिसाला आला. जिजावहिनी सुभानरावांना शोधत होत्या. मला पहिली रांग दिसली आणि मग फक्त एक उजवा हात दिसू लागला. सलामीचा हुकूम झाला. सगळ्या तलवारी वर गेल्या. ह्यांची क्षणभर मागे राहिली, पाते थरथरले, मग बाकीच्यांबरोबर आले. खाली जाताना माझे डोळे मिटले गेले. खणखणाट ऐकू येईल म्हणून थांबले. आला नाही. डोळे उघडले तेव्हा घोड्यांच्या पाठी दिसत होत्या.

"तुमचे दफेदार काय दिसत होते हो," जिजावहिनी म्हणाल्या. मी पदराने कपाळ पुसले.

उद्या दवाखान्यात जायचे.

शनिवार, ता. ४ जानेवारी

सकाळी चहा घेऊन पडवीत गेले तर अंथरूण गुंडाळलेले. गणवेश घडी करून ठेवलेला, त्यावर तलवार. वस्तरा, साबण, माझी बाटली, सगळे तिथेच. धोतर आणि घोंगडी नव्हती.

आधी वाटले तबेल्यात असतील. सुभानराव म्हणाले, आले नाहीत. मग एकदम बूट, पैंजण, दादाकडे ठेवलेली इंदू आणि चांदोदची गाडी, सगळे ओळीने समोर आले. आठ दिवस मी हे शांतपण पाहत होते आणि बरे वाटून घेत होते.

टांगा करून गोयागेट स्टेशनवर गेले. वाटेत महोत्सवाच्या कमानींमुळे टांगा दोनदा अडला. माझ्या तोंडून टांगेवाल्याला काय काय बोलले गेले. डोळ्यांसमोर नर्मदेच्या पात्राशिवाय दुसरे काही दिसत नव्हते.

फलाटाच्या अगदी टोकाला, माणसांपासून लांब, जमिनीवर बसले होते. दाढी केली नव्हती. गेरूशिवाय, घराबाहेर, तो डाग मी पहिल्यांदाच पाहत होते. मी जाऊन शेजारी बसले.

"लांब बस," म्हणाले.

"कुठे निघालात?"

"नदीकाठी अशा लोकांसाठी जागा आहे. तिथे राहीन."

"खरं सांगा. तिथेच जाणार होतात, की नदीत?"

"ते अजून ठरवलं नव्हतं," म्हणाले.

मला वाटले होते मी रडेन. पण आला राग. "तुम्ही मला शब्द दिला होता. मी रोज तुमच्या तोंडाला गेरू फासला, जिजावहिनींशी खोटं बोलले, इंदूला उन्हात उभी करून तिची कातडी तपासत बसले. हे सगळं त्या शब्दावर. आधी डॉक्टर पाहतील. त्यांनी जा म्हटलं तर मी स्वतः गाडीत बसवून देईन. पण त्यांनी म्हटल्यावर."

"तुला आणि इंदूला कोण जवळ करेल? मी नसलो तर निदान..."

"नसलात तर काय सांगू तिला?"

गाडी लागली. माणसे चढली. एका बाईने जागा आहे म्हणून आम्हाला हात केला. ह्यांनी घोंगडी उचलली, उभे राहिले. मी उठले नाही. गाडीने शिट्टी दिली, हलली, आणि हे तसेच घोंगडी धरून उभे होते. मग हळूच खाली बसले.

तिथून थेट दांडिया बाजारात गेलो. टांग्यात ते मागच्या बाजूला तोंड करून एकटे बसले, मी पुढे.

बुधवार, ता. ८ जानेवारी

चार दिवस लिहिता आले नाही.

कर्णिक डॉक्टर वयस्क आहेत, कमी बोलतात. त्यांनी डोळे मिटायला सांगून पिसाने, टाचणीने, मग गरम आणि गार पाण्याच्या नळ्यांनी पाहिले. कोपराच्या मागची शीर चाचपली आणि ती दोरीसारखी जाड झाली आहे म्हणाले. मग त्यांनी ते नाव उच्चारले. महारोग. दादा भिंतीकडे पाहत होता.

"लवकर आलात असं म्हणणार नाही," ते म्हणाले, "पण वेळ गेलेली नाही. एक डाग, एक शीर. हा प्रकार दुसऱ्याला सहसा लागत नाही. कडू कवठाच्या तेलाची सुई दर गुरुवारी घ्यायची. वर्ष, दोन वर्षं, जास्तही. गेलेला स्पर्श येईलच असं वचन देत नाही. पुढे वाढू न देणं आपल्या हातात आहे."

मी विचारले, "माझी मुलगी?"

इंदूला आणि मला त्यांनी तपासले. काही नाही. दर काही महिन्यांनी दाखवायला सांगितले. अंथरूण, भांडी सध्या वेगळी ठेवा, बाकी माणसाला वेगळे ठेवू नका, म्हणाले. मग मी बाटल्यांचे विचारले, लोकांनी तोंडाला लावल्या त्यांचे काय. "उकळलेल्या पाण्यातून आणि बाटलीतून हा जात नाही. निर्धास्त राहा." मी बाकावर बसले आणि मला तिथे, सगळ्यांसमोर, रडू आले.

गुरुवार, ता. १६ जानेवारी

ह्यांनी स्वतः रिसाल्यात जाऊन सांगितले. दाढी करून, गेरू न लावता गेले. नाव कमी झाले. लाइनीतली खोली महिनाअखेर सोडायची. रिसालदार उभ्या उभ्या ऐकून घेत होते, म्हणाले, "महोत्सवाच्या दिवशी तू पहिल्या रांगेत होतास." ते रागाने म्हणाले की कौतुकाने, हे ह्यांना कळले नाही.

आज दार उघडले तर उंबऱ्याबाहेर बाटल्या. अर्ध्या, भरलेल्या, एक न उघडलेली. कोणी केव्हा आणून ठेवल्या दिसले नाही. दुपारी जिजावहिनी आल्या, अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या. "आमची बाटली मी फोडून टाकली," म्हणाल्या. "मुलं आहेत घरात, कुसुम. तू मला सांगायला हवं होतंस." त्या रडत होत्या. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितले. त्यांनी मान हलवली, पण पुढे आल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर पुढे आले असते का?

बाटल्या रिकाम्या करून उकळत्या पाण्यात घातल्या.

सोमवार, ता. ३ फेब्रुवारी
बाबाजीपुरा

दादाच्या घरामागच्या दोन खोल्यांत आलो. वहिनीने आधी तोंड फिरवले होते, आता इंदूची वेणी घालते. हे आतल्या खोलीत असतात. घोड्याच्या टापांचा आवाज आला की खिडकीपासून दूर होतात. दिवसभर बोलत नाहीत. दाढी वाढवली आहे. मी वस्तरा पुढे ठेवते, ते बाजूला सारतात. कोणासाठी करायची, म्हणतात. हे मला त्या रोगाहून कठीण वाटते. स्टेशनवरून आणले खरे, पण माणूस अजून फलाटावरच बसलेला आहे.

गुरुवार, ता. १३ फेब्रुवारी

सुईला मी बरोबर जाते. मागच्या दाराने एक वेगळी खोली आहे, तिथे या रोगाचे सगळे रोगी बसतात. पादरा गावाकडचे, डभोईकडचे, शहरातलेही. पुरुषांच्या दाढ्या छातीपर्यंत. मला वाटले धर्माने ठेवल्या असतील. दादा म्हणाला, "धर्म कसला. न्हावी हात लावत नाही आणि स्वतःच्या बोटांत वस्तरा धरवत नाही."

डॉक्टरांनी मला बोलावून विचारले, "तुमचं ते पाणी यांच्यासाठी होईल का? तुरटी नको. कातडीला कळत नसेल तर जे झोंबतं ते लावायचं नाही, इजा झाली तरी समजत नाही. या लोकांची कातडी कोरडी पडून भेगाळते, त्याला काही करा."

घरी येऊन कोरफडीचा गर खोबरेल तेलात मंद आचेवर कढवला. पाण्याचा अंश उरला की तडतडते आणि पुढे खवट होते. सावकाशीने केले. हे दारात उभे राहून पाहत होते. बऱ्याच दिवसांनी चुलीजवळ आले.

"आणि दाढ्या कोण करणार त्यांच्या?" म्हणाले. "नुसतं तेल लावून काय उपयोग, ते कातडीपर्यंत पोहोचणार नाही."

मी ढवळत राहिले.

गुरुवार, ता. २० फेब्रुवारी

सकाळी ह्यांनी आपली दाढी केली. मग वस्तरा, चामड्याचा पट्टा आणि साबण फडक्यात बांधून घेतले. मी तेलाची बाटली टोपलीत ठेवली.

सुई झाल्यावर मागच्या खोलीत पाटावर बसले. दादाने स्टोव्ह पेटवून पाणी उकळत ठेवले; एका माणसानंतर वस्तरा त्यात बुडवायचा असे डॉक्टरांनी सांगितले. वस्तरा ह्यांनी डाव्या हातात धरला. या आठवड्यात आतल्या खोलीत कलिंगडावर सराव चालला होता, तो कशासाठी ते आत्ता कळले. कोणी पुढे येईना. शेवटी पादरा गावचे अंबालालकाका आले. म्हातारे, भुवया झडलेल्या, नाक बसलेले. "आठ वरसथी कोई अड्युं नथी, कोणी शिवलं नाही," म्हणाले, आणि ह्यांनी हनुवटीला हात लावला तेव्हा मान मागे घेतली. ह्यांनी थांबून पुन्हा हात पुढे केला.

बराच वेळ लागला. आधी कात्रीने कापले, मग साबण, मग वस्तरा. खोलीतले सगळे पाहत होते. गाल उघडा झाला तसे मी तेल बोटावर घेऊन भेगांना लावले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण ते पुसायला ते हात उचलत नव्हते.

दादाने भिंतीवरचा लहान आरसा काढून समोर धरला. अंबालालकाकांनी त्यात पाहिले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. आम्ही वाट पाहत होतो.

"भाई," ते म्हणाले, "मूछ डाबी बाजू मोटी रही गई छे."

दादा आरसा माझ्या हातात देऊन हसू दाबत बाहेर गेला. ह्यांनी आरसा बाजूला ठेवायला सांगितला, जवळ वाकून एक डोळा मिटून पाहिले, कवायतीत रांग सरळ आहे की नाही पाहायचे तसे. म्हणाले, "खरं आहे, काका. डावी मिशी मोठी राहिली. हलू नका." आणि वस्तरा पुन्हा पाण्यात बुडवला.